हलक्या ट्रायपॉडचं गिऱ्हाईक

माझा खांदा आखडला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "ओझं काय उचलता?"

"ट्रायपॉड," मी म्हणाले. त्यांना वाटलं, मी लग्नाच्या शूटिंगचं काम करते. मीही तसंच वाटू दिलं.

खरी गोष्ट मी घरीसुद्धा पूर्ण सांगितली नव्हती. शहराबाहेरच्या एका टेकडीच्या कड्यात शिंगी घुबडाच्या जोडीनं पिलं काढली होती. सुट्टीच्या दिवशी मी समोरच्या उतारावर बसून लांब नळीच्या दुर्बिणीतून ती बघायची. अमावास्येच्या पूजेसाठी घुबडं पकडून विकणारे लोक असतात, म्हणून जागा कुणाला सांगायची नाही, असं ठरवलं होतं. दुर्बीण हातात धरली की नुसती थरथरते, तिला ट्रायपॉड लागतोच. माझा जुना ट्रायपॉड त्या चढावर जीव काढायचा.

म्हणून एका शनिवारी गारखेड्याहून रिक्षानं औरंगपुऱ्यातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. दुर्बीण सोबत घेतली होती.

"ये लो मॅडम, सगळ्यात हलका. प्युअर कार्बन," दुकानदार म्हणाला.

मला तो काळा रंग दिलेला अ‍ॅल्युमिनियमच वाटला. मी दुर्बीण त्यावर बसवली, रस्त्यापलीकडच्या पाटीवर रोखली आणि पायाला टिचकी मारली. पाटीवरची अक्षरं किती तरी वेळ नाचत राहिली; खऱ्या कार्बनवर ती लगेच थांबतात. दुकानदाराचं तोंड वाकडं झालं.

तेवढ्यात पलीकडं एक माणूस चक्क फरशीवर पालथा झोपला. पन्नाशीचा, मान उन्हानं काळी पडलेली, पायात चिखलाचे बूट. त्यानं एका ट्रायपॉडचे पाय जमिनीला टेकतील इतके फाकवले होते आणि त्याच्या खिट्ट्या कानाजवळ नेऊन उघडझाप करत होता.

"आवाज करतंय हे," तो म्हणाला. "जनावर लगेच उठतं. बिनआवाजाचं नाय का?"

मला घुबडं पकडणारे आठवले. गुपचूप, झोपून, आवाज न करता कोण बघतं जनावराकडं? मी नळी घाईघाईनं पिशवीत घालायला लागले, पण त्यानं ती पाहिली होती.

"ताई, तुम्ही कुठं जाता बघायला?"

"जायकवाडीला," मी ठोकून दिलं. "बदकं बघते."

"मग एवढा हलका कशाला पायजे? तिथं गाडी पार पाण्यापर्यंत जाती."

मी पिशवीची चेन ओढली. तो माझ्याकडं बघत राहिला, मी त्याच्या बुटांकडं. शेवटी मी थोडा जड, पण मधल्या दांड्याला पिशवी अडकवायचा हूक असलेला ट्रायपॉड घेतला. वाऱ्यात वजन लटकवलं की तो हलत नाही. निघताना मागं वळून पाहिलं, तर तो माणूस दारात येऊन मी कोणत्या रिक्षात बसते ते बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवर नवा ट्रायपॉड लावला, हुकाला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी टांगली. पिलं कपारीत झोपली होती. सहज नळी खाली वळवली आणि गवतात तीच काळी मान दिसली. शेजारी लांब पिशवी. तिचं तोंड माझ्याकडं.

लगेच वनरक्षकाला फोन लावला. ओळखीचा होता, टेकडी त्याच्याच हद्दीत येते.

"साहेब, टेकडीवर लवकर या. एक माणूस लपून बसलाय. बंदूक असंल त्याच्याजवळ."

तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही वरच्या उतारावर आहात का? राखाडी ओढणी?"

"व्हय. का?"

"मी वाटंतच आहे. कुणीतरी तुमचीच तक्रार केलीय."

वनरक्षकानं येऊन दोघांनाही पिशव्या उघडायला लावल्या. त्या माणसाच्या पिशवीत निघाला हिरवा कपडा गुंडाळलेला ट्रायपॉड, दुर्बीण आणि भाकरी. माझ्याकडंही जवळपास तेच, भाकरीऐवजी पोहे.

"माझं रान खालीच आहे," तो माणूस रागानं म्हणाला. "बांधापलीकडं लांडगीनं पिलं घातलीत. मागल्या खेपेची लोकांनी बिळात धूर करून मारली. ही बाई दुकानात खोटं बोलली, मग मला काय वाटायचं?"

"आणि तुम्ही आवाज न करणारं मागत होता, मग मला काय वाटायचं?"

वनरक्षक हसला. आम्ही दोघं नाही हसलो. फोन नंबर घेतले तेही एकमेकांवर लक्ष राहावं म्हणून. पुढं कित्येक सुट्ट्या मी वर आणि तो खाली बसायचा. मी पिलांआधी त्याच्यावर नळी रोखायची. दोनदा त्याची नळी माझ्यावर रोखलेली दिसली.

मग एका सकाळी कपारीत एकच पिलू होतं. माझ्या डोक्यात पहिलं त्याचंच नाव आलं. मी तावातावानं उतरत होते, तोच फोन वाजला.

"ताई, तुमचं एक पिल्लू चालत खाली आलंय. बोरीच्या झुडपात बसलंय. मी हललो नाय, ते उठंल म्हणून. तुम्ही डावीकडनं या, सावकाश."

ह्याला कसं माहीत, मी घुबडं बघते ते? माझी नळी कुठं वळते, ते बघितलं असणार. मी फोन कानाला लावूनच डावीकडनं गेले. तो गवतात पालथा होता, बोट ओठावर. बोरीत दोन नारिंगी डोळे उघडले, माझ्याकडं पाहून मिटले. मी त्याच्याशेजारी गवतात बसले. मग फोन बंद केला.