पत्त्यासकट प्रार्थना

आमचे गुरुजी शनिवारी आधी आमच्या वहाणा बघायचे आणि मग आमच्या तोंडाकडे. गिरगावातल्या ख्रिस्ती देवळामागच्या खोलीत उपदेशक होऊ पाहणारे आम्ही सहा उमेदवार वहाणा उलट्या धरून रांगेत उभे राहायचो. गुरुजी चष्मा पुढे ओढून तळ पाहायचे. "डिलाईल रोडपर्यंत पायी गेलास म्हणतोस, मग हा तळ एवढा कोरा कसा रे?" असं एकदा त्यांनी मला विचारलं. मी वहाण आदल्याच दिवशी चांभाराकडून दुरुस्त करून घेतली होती. सांगितलं, तर म्हणाले, "चांभाराला उद्या घेऊन ये." अस्सा राग आला होता मला! देवाच्या सेवेला निघालेल्या माणसाच्या वहाणेवरही यांचा विश्वास नाही.

पण खरं सांगायचं तर मी तरी कुठला विश्वास ठेवणारा होतो? बाप्तिस्मा घेतला त्या दिवसापासून गिरणीतले माझे दोन सख्खे भाऊ मला पाहिलं की रस्ता बदलायचे. तेव्हापासून कुणी गोड बोललं की मी आधी त्याचे हात बघायचो, काही लपवलंय का म्हणून.

पुस्तकी अभ्यास संपला होता. आता आमचं 'प्रत्यक्ष काम' सुरू होतं. दोघादोघांनी गिरणगावातल्या चाळींत जायचं, लोकांशी बोलायचं, शुभवर्तमान वाचून दाखवायचं, आजाऱ्याजवळ बसायचं. बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभेत मंडळीसमोर मोठ्यानं प्रार्थना करायची. त्यावरही गुरुजी शेरा द्यायचे. मोघम प्रार्थनेची त्यांना भारी चीड. "'आजाऱ्यांना बरं कर' म्हणजे काय? कोण आजारी? कुठली चाळ, कितवी खोली? पत्ता न घालता पत्र टाकतोस का तू?" आमच्यापैकी एकालाच मुंबईत उपदेशक म्हणून ठेवणार होते. बाकीच्यांची रवानगी लांबच्या खेड्यांत.

माझा जोडीदार मिशनच्या अनाथाश्रमात वाढलेला होता. बोलायला जेमतेम. प्रत्येक घरातून बाहेर पडलं की हा गडी जिन्यात थांबायचा, माझ्याकडे पाठ करायचा आणि खिशातल्या चोपडीत पेन्सिलीनं काहीतरी खरडायचा. काय लिहितोस विचारलं, तर म्हणे, "आठवण राहावी म्हणून." कसली डोंबलाची आठवण! हा माझ्या चुका टिपून गुरुजींना पोचवतो, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती.

त्यातच गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगची, साथ आली. तपासणीवाले चाळीत शिरायचे, अंगाला हात लावून बघायचे आणि ताप दिसला की माणूस उचलून इस्पितळात. मागे खोलीला चुना आणि अंथरुणं जाळायला. इस्पितळात गेलेलं माणूस परत येत नाही, असंच सगळीकडे बोललं जायचं. आम्ही दोघं जिना चढायला लागलो की वरून पोरं ओरडायची, "आले रे आले, चुनेवाल्यांचे हेर आले!" मग धडाधड दारं लागायची. एका म्हातारीनं तर आमच्या अंगावर राखेचं पाणी टाकलं.

एक दार मात्र उघडलं. सतरा नंबरची खोली, दुसरा मजला. माझं बोलणं ऐकून आतल्या बाईनं विचारलं, "खंयचो रे तू?" मी गाव सांगितलं. तिचं माहेर आमच्या शेजारच्या गावातलं निघालं. "बाटललो आसलंस तरी आमच्याच मुलखातलो," ती म्हणाली आणि तिनं आम्हाला आत घेतलं. पाणी दिलं तेही वरून ओंजळीत ओतून, भांड्याला हात लागू न देता. त्याचं मला वाईट वाटलं नाही. बाटल्यापासून आमच्या घरीही मी तसंच पीत होतो.

नवरा गिरणीत गेला होता. मोरीपाशी वळकट्यांची चळत रचलेली, आणि त्यामागे गोणपाटावर नऊ-दहा वर्षांची तिची मुलगी पडलेली. तीन दिवस अंगात ताप. काखेत, जांघेत कुठेच गाठ नव्हती. आईनं पुन्हापुन्हा चाचपून पाहिलं होतं. पोरगी शुद्धीवर होती, आमच्याकडे टकामका बघत होती. "सादो ताप आसा," बाई म्हणाली. "पण त्येंका कोण सांगतलो? पोरीक घेऊन जातले. बाबा, कोणाक सांगू नको. तुझ्या देवाची आण." मी छातीवर हात ठेवून आण घेतली. जोडीदारानं नुसती मान हलवली. ती मान मला त्याच वेळी खटकली. बाहेर आल्यावर जिन्यात त्यानं चोपडी काढली, तेव्हा तर माझं डोकंच फिरलं. "इथलंही लिहितोस?" मी दरडावलं. त्यानं चोपडी खिशात टाकली.

दुसरे दिवशी बुधवार, आणि प्रार्थनेची पाळी माझी. त्या मुलीखेरीज दुसरं काही माझ्या मनात नव्हतं. मी डोळे मिटले आणि अगदी कळवळून देवाकडे तिला मागितलं. डिलाईल रोडवरची ती चाळ, दुसरा मजला, सतरावी खोली, वळकट्यांमागे लपलेलं ते लेकरू, सगळं त्याच्यापुढे ठेवलं. नाव घेतलं नाही. माणसाला सांगणार नाही अशी आण होती, आणि मी तर देवाशी बोलत होतो. मंडळीनं 'आमेन' म्हटलं तेव्हा बायका डोळे पुसत होत्या. गुरुजींनी पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आज पत्ता घातलास," ते म्हणाले.

शुक्रवारी आम्ही गेलो, तर सतरा नंबरच्या भिंती ओल्या चुन्यानं पांढऱ्याफटक. वळकट्या नाहीत, गोणपाट नाही. बाई उंबऱ्यात बसलेली. गुरुवारी सकाळीच तपासणीवाले आले होते. बाकी कुठली खोली उघडली नाही, इकडेतिकडे बघितलंही नाही, तडक सतरात शिरून वळकट्याच ओढल्या. पोरगी "आये, आये" करत गेली.

"कोणी सांगल्यान?" तिनं विचारलं. रडत नव्हती. आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती.

मी जोडीदाराकडे बोट केलं. तोंडानं काही बोललो नाही, नुसतं बोट. ती उठली आणि त्याला जे जे म्हणाली ते मी इथे लिहीत नाही. तो एवढंच म्हणाला, "मी नाही सांगितलं." मी मनात म्हटलं, चोर दुसरं काय म्हणणार?

त्या रात्री तो झोपल्यावर मी त्याची चोपडी काढून वाचली. माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. प्रत्येक घरातल्या पोरांची नावं, कुणाला खोकला, कुणाचा नवरा कामावरून सुटलेला, असलंच सगळं. सतरा नंबरच्या जागी नुसती रेघ. मला त्या रेघेचाच संशय आला. मनात पाप नसेल तर मोकळं कशाला सोडलं? सकाळी मी गुरुजींपुढे उभा राहिलो आणि जोडीदारानंच खबर पोचवली असं सांगितलं. चोपडीही दाखवली.

तीन दिवसांनी इस्पितळातून निरोप आला. मुलगी गेली. सतरा नंबरच्या बाईच्या पोरीला खरंच साधा ताप होता की नाही, हे कुणालाच कधी कळलं नाही. जोडीदाराला परीक्षेला बसू न देता घाटावरच्या एका खेड्यात शाळा झाडायला पाठवलं. निघताना त्यानं माझ्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. "माझ्यासाठी प्रार्थना कर," म्हणाला. मी तोंड फिरवलं. मुंबईतली जागा मला मिळाली.

नेमणुकीच्या दिवशी देवळाबाहेर मंडळीतले एक गृहस्थ पुढे आले. साथीच्या कचेरीत कारकून होते, अत्यंत सज्जन माणूस. माझा हात दोन्ही हातांत धरून ते म्हणाले, "तुमची ती प्रार्थना मी जन्मात विसरणार नाही. दुसरा मजला, सतरावी खोली. तुम्ही 'आमेन' म्हणालात आणि मी तिथूनच कचेरीत गेलो. सकाळी पहिली तुकडी तिकडेच धाडली. म्हटलं, देवानं तुमचं ऐकावं म्हणूनच मला त्या कचेरीत बसवलंय."

मी हात सोडवून घेतला. मी तसाच चालत सुटलो, थेट डिलाईल रोड. वाटभर वाक्यं जुळवत होतो. बाई, तो नव्हे. मी. मी सांगितलं, चारचौघांत, मोठ्यानं, पत्त्यासकट.

दार उघडंच होतं. मला बघून ती उठली आणि बसायला पाट मांडला. "तुझ्यावर माझो राग नाय," ती म्हणाली. "तू आण पाळलंस. मुलखातलो माणूस तो मुलखातलो." मग आत जाऊन तिनं पाणी आणलं. या खेपेला ओंजळीत ओतलं नाही. घरातला तांब्या भरून माझ्या हातात दिला.

मी तो तांब्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी प्यालो. काही न सांगता जिना उतरलो.