पोटाक वाचूक येता काय?

डॉक्टर राऊळांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते औषध कंपनीच्या एका माणसाची बॅग गटारात फेकत होते. विक्रोळीतल्या त्यांच्या दवाखान्याच्या पायरीवर आम्ही पेशंट बसलो होतो. टाय लावलेला तो बिचारा गटारात वाकून चकचकीत खोकी वेचत होता आणि इस्त्रीच्या शर्टातले डॉक्टर वरून अस्सल मालवणीत गरजत होते, "मेल्या, औषध ताच, खोको तेवढो महाग! त्या खोक्याचे पैसे माझ्या पेशंटान कित्याक देवचे? पोटाक काय वाचूक येता?"

तापट माणसाबद्दल लिहिताना 'पण आतून फणसासारखा गोड' असं म्हणायची पद्धत आहे. डॉक्टर आतूनही तापटच होते आणि मला ते तसेच आवडायचे. चिठ्ठीवर ते कंपनीचं नाव कधी लिहीत नसत, औषधाचं मूळ नाव लिहीत. तरी नाक्यावरच्या मेडिकलवाल्याने एका विधवेच्या गळ्यात महागडी पाकिटं मारली. डॉक्टरांनी त्याला गल्ल्यावरून ओढून बाहेर काढलं आणि भर रस्त्यात थोबाडलं. मग एकही मेडिकलवाला त्यांची स्वस्तातली औषधं ठेवीना. डॉक्टर स्वतः घाऊक बाजारातून बिननावाच्या गोळ्यांचे डबे आणू लागले आणि कागदाच्या पुडीत बांधून देऊ लागले.

माझा धाकटा भाऊ वसंता कारखान्यात लेथवर होता. त्याला आकडी यायची. एकदा चालू मशीनवरच आली; हात थोडक्यात वाचला. बाबांची गिरणी कायमची बंद पडलेली, घर वसंताच्या पगारावर चालायचं. डॉक्टरांनी पुडी दिली आणि दम भरला, "एक दिवस चुकवलंस तर मीच तुझो हात मोडीन." आकडी थांबली. आम्ही सुटलो असं वाटलं.

पण महिन्याभरात वसंता झोकांड्या खाऊ लागला. जीभ जड, डोळे भिरभिरे, खाल्लेलं उलटून पडायचं. आधी सगळ्यांना वाटलं, पोरगा दारू प्यायला लागला. मामाने तर त्याला पट्ट्याने फोडून काढलं. एका सकाळी मात्र तो अंथरुणातून उठेचना. हाक मारली तरी नुसतं कण्हायचा. "त्या राऊळाच्या भिकार गोळ्यांनी वाट लावली पोराची!" मामा ओरडला आणि चाळीतली चार माणसं घेऊन दवाखान्याकडे धावला. मी मागे धावले.

मी पोचेपर्यंत काचेचं कपाट आडवं झालं होतं. गोळ्या रस्त्यापर्यंत पसरल्या होत्या. दोघांनी डॉक्टरांचे हात धरले होते आणि मामाने लाकडी स्टूल उचललं होतं. ते त्यांच्या तोंडावर बसल्याचा आवाज मला अजून नकोसा होतो. डॉक्टर कोसळले, उठले, आणि मामाची कॉलर धरून म्हणाले, "माका मागसून मार! पोरगो कसो आसा, ता आधी सांग!"

डोळ्यावर टॉवेल दाबून ते आमच्या खोलीवर आले. टॉवेल लाल होत होता. वसंताची नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि आईवर गरजले, "ह्येका आणखी काय दितास?"

आईने देवांच्या तसबिरीमागून एक चंदेरी पाकीट काढलं. "स्वस्तातल्या गोळयेत काय जोर असतलो? एकुलतो एक झील माझो. म्हणान नाक्यावरच्या मेडिकलातली ही चांगली पण देय होतंय." त्यासाठी तिने स्वतःच्या कुड्या विकल्या होत्या.

डॉक्टरांनी उरलेल्या डोळ्याने पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली. मला वाटलं, आता हे आईला मारणार. त्यांनी एक चंदेरी पाकिटातली आणि एक पुडीतली अशा दोन गोळ्या तिच्या तळहातावर ठेवल्या. "आये, नावां दोन, औषध एकच. तुमी त्येका दुप्पट दिलास." आई त्या गोळ्यांकडे बघत राहिली आणि मग तिने स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला सुरुवात केली. तिचे हात धरून ठेवायला मला ताकद लागली.

वसंताला टॅक्सीत घालून डॉक्टरच हॉस्पिटलात घेऊन गेले. तो वाचला. डॉक्टरांचा डावा डोळा गेला.

पोलिसांना त्यांनी मामाचं नाव सांगितलं. आई पाया पडायला गेली तर पाय मागे घेतले. "पोरगो वाचवलंय, ता माझा काम. डोळो फोडलो, ता पोलिसांचा काम." मामाला शिक्षा झाली. त्या काळातही मामी बीपीच्या गोळ्या न्यायला दवाखान्यात जायची, आणि डॉक्टर पुडी बांधून द्यायचे. माफ मात्र त्यांनी केलं नाही. करावं असंही मला कधी वाटलं नाही.

वसंता पुढे वर्षानुवर्षं त्यांचीच गोळी घेत राहिला. आकडी पुन्हा आली नाही.

डॉक्टर गेले तेव्हा अख्खी चाळ लोटली. मामाही आला होता. तिरडी उचलताना तो पुढे झाला, तशा डॉक्टरांच्या पत्नी, डॉक्टरीणबाई, मधे आल्या. "तुम्ही हात लावायचा नाही," एवढंच म्हणाल्या. मामा मागे सरला. त्याची जागा वसंताने घेतली.