पाठराख्याला तोंड नव्हतं

"तोंड कुठंय त्याचं?"

रफिकभाई रस्त्याच्या पलीकडं जाऊन मान वर करून उभे होते. आमच्या टॉकीजचे मॅनेजर. मी बोर्ड चढवून नुकताच शिडीवरून उतरलो होतो आणि हाताचा रंग रॉकेलनं पुसत होतो.

"त्याला तोंड नसतंय, भाई."

"क्या मियाँ, बगैर मुंडी का हीरो? पब्लिक क्या देखने आयेगी?"

"पुस्तकात तसंच हाय."

"पुस्तक देखके बनाने कू तेरे को बोला किसने?"

बरोबर होतं त्यांचं. मी औरंगाबादेत सिनेमाचे बोर्ड रंगवायचो. ते काम आता कुठं राहिलं नाही, म्हणून सांगतो. पिक्चर लागायच्या आधी एसटी पार्सलनं फोटो-सेट यायचा, म्हणजे पिक्चरमधले आठ-दहा फोटो. फोटोवर पेन्सिलीनं बारके चौकोन आखायचे, कापडावर तेवढेच मोठे आखायचे, आणि एकेक चौकोन उतरवत जायचा. आपलं डोकं चालवायचं नाही. त्या खेपेला बुधवार उजाडला तरी पार्सल नाही. मी म्हटलं, पाठराख्याचा फोटो मला कशाला पाहिजे? आणि घेतला ब्रश.

पाठराखा म्हणजे ज्या पुस्तकावरनं पिक्चर काढला होता त्यातला माळावरचा जीव. उंच, हात गुडघ्यापर्यंत, अंगावर घोंगडी. वाट चुकलेल्या माणसाच्या मागं दोन पावलं ठेवून चालतो. माणूस थांबला की थांबतो. पुढं कधी येत नाही. वळून बघायचं नाही, कारण तो लाजतो. बस, एवढंच. तोंड कसं ते पुस्तकात कुठंच नाही.

आमची मेंढरं पाचोडच्या माळावर असायची. पुस्तक आक्कानं तिथल्या बाजारातून आणलेलं. ती चौथी शिकलेली, मी तेव्हा शाळेचं तोंड बघितलेलं नव्हतं. मेंढरं बसली की ती वाचायची. पहिल्या बाळंतपणात आक्का गेली. मी शहरात आलो, उस्मानपुऱ्यात खोली घेतली. लग्नाचं जमलं नाही. कुणाला हे सांगितलं नाही कधी, पण कामावरून घरी चालत जाताना वाटायचं, मागं आहे कुणीतरी. बरं वाटायचं.

गुरुवारी पार्सल आलं. फोटोत पाठराखा हिरवागार, डोळ्यांच्या जागी लाल बल्ब, तोंडात चार सुळे. रफिकभाईंनी फोटो माझ्या हातात ठेवला. दुसऱ्या पिक्चरचं काम अंगावर होतं, तेव्हा बोर्ड तसाच राहिला.

शुक्रवारी पहिला शो फुल्ल गेला. मीही मागच्या बाकावर जाऊन बसलो. पाठराखा आला, लोक हसले. तो हिरॉइनभोवती नाचला. ते एक वेळ चाललं असतं. पण तो वाट दाखवायला पुढं चालायला लागला. पुढं! इंटरव्हलला मी उठून बाहेर आलो.

शो सुटल्यावर मी रफिकभाईंच्या ऑफिसात होतो, तेवढ्यात एक माणूस आत शिरला. वाळूजच्या कंपनीत कामाला, तिथं शुक्रवारी सुट्टी म्हणून मुद्दाम आलेला. हातात तेच पुस्तक, पुठ्ठा शिवलेलं.

"बोर्ड बघून तिकीट काढलं साहेब. बोर्डावरचा पिक्चरमध्ये कुठंय?"

"कंपनीने जैसा बनाया वैसा दिखाये," रफिकभाई म्हणाले.

"व्हय, पण तुमच्या पेंटरला ठाव हाय की तो कसा असतोय." मग तो माझ्याकडं वळला. माझ्या हाताला रंग होताच. "लई बेकार झालं बघा. आता डोळे मिटले की ते हिरवं थोबाडच दिसतंय. माझा जुना आठवंना झालाय."

मला त्याला बसा म्हणायचं होतं. चहा पाजायचा होता. त्याला ते पुस्तक कुणी वाचून दाखवलं, विचारायचं होतं. मी नुसती मान हलवली. त्याची बस होती, तो गेला. नाव विचारायचं राहिलं.

रफिकभाई चिडले नव्हते, थकले होते. "पब्लिक मेरे को झूठा बोल रही. कल सुबह तक फोटोवाला बना, नहीं तो दूसरा पेंटर देखता मैं."

भर दुपारी उस्मानपुऱ्यापर्यंत चालत गेलो. मागं कुणी नव्हतं. दोनदा थांबून बघितलं. ऊन होतं, सायकली होत्या. खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडलो आणि रडलो. पस्तिशी उलटलेला माणूस.

संध्याकाळी बोर्ड उतरवला. रीत अशी की जुन्या चित्रावर सफेदा मारायचा आणि त्यावर नवीन काढायचं. सफेद्याचा डबा उघडला, पण हात उचलेना. मग खिळे उपसले, कापड उलटं करून ठोकलं आणि कोऱ्या बाजूला चौकोन आखून हिरवं थोबाड उतरवलं. सुळ्यांसकट, हुबेहूब. सकाळी रफिकभाई म्हणाले, "अब बात बनी."

पिक्चर दुसरा आठवडा बघू शकला नाही. पण कापड चांगलं जाड होतं, वर्षानुवर्षं चाललं. त्याच बाजूला सफेदा मारत किती पिक्चर आले नि गेले. रोज त्या बोर्डाखालून जायचो. मागं तो आहे हे फक्त मला ठाऊक होतं.

पुढं टॉकीज बंद पडली तेव्हा रफिकभाई म्हणाले, काय पाहिजे ते ने. मी कापड मागितलं. त्यांनी कारण विचारलं नाही.

नवीन पेंटर भेटले की एकच सांगायचो, फोटो-सेट हातात आल्याबिगर ब्रशला हात लावू नका. आता तेही कुणी भेटत नाही. कापड खोलीत मावत नाही, गुंडाळी करून खाटेच्या मागं उभं केलंय. इतकी वर्षं झाली, अजून उलगडून बघितलं नाही. तो लाजतो.