झिजवलेलं स्टिअरिंग

काकूंनी त्यांची जुनी गाडी बाबांना विकताना एकच अट घातली होती. स्टिअरिंग बदलायचं नाही. त्यांच्या यजमानांनी आयुष्यभर ती गाडी चालवली होती आणि त्यांच्या हाताने स्टिअरिंगचं चाक एका ठिकाणी झिजून गुळगुळीत झालं होतं. बाबा म्हणाले होते, ‘‘हात लावणार नाही.’’

पण चाकाला जुनी भेग होती. स्वारगेटच्या वळणावर ती पुरती उघडली आणि बाबा पांढरे पडले. मग जुन्या गाड्यांचे भाग नव्याने बनवणाऱ्या एकाकडे त्यांनी ते चाक नमुना म्हणून दिलं. साचा काढताना त्याचे तुकडे झाले.

नवं चाक हुबेहूब होतं, फक्त फार नवं. बाबांनी पार्किंगमध्ये बसून त्याला पॉलिश पेपर घासला, वर बुटाचं पॉलिश चोळलं. मी पायरीवरून बघत होते. चाक बदललं याचं मला काहीच वाटलं नाही. तुटकं चाक घेऊन कोण चालवणार? ते घासणं मात्र बघवेना. उठून जावं असंही वाटेना.

काकू गाडी बघायला आल्या तेव्हा बाबांनी त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. त्यांनी चाकावर हात फिरवला. मग पुन्हा फिरवला.

‘‘दोन्हीकडे झिजलंय हो.’’

‘‘वापरून वापरून होतं तसं,’’ बाबा म्हणाले.

‘‘आमचे हे एका हाताने चालवायचे. डावा कायम गिअरवर. मी किती भांडलेय त्यावरून.’’

बाबांनी घासताना स्वतःच्या दोन्ही हातांच्या जागा धरल्या होत्या. आता ते माझ्याकडे बघत नव्हते, आणि माझे हात ओढणीशी चाळा करत होते.

‘‘नवीन आहे,’’ मी म्हणाले. ‘‘जुनं तुटलं.’’

काकूंनी हात मांडीवर घेतला. ‘‘मग तसंच चकचकीत ठेवायचं. एवढे कष्ट कशाला घेतले?’’

‘‘तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून,’’ बाबा म्हणाले. मला ते खरं वाटलं. तिथेच मी अडकले, अजून अडकलेली आहे. त्यांनी ते काकूंसाठी केलं असेल, तर मी ते सोंग कोणासाठी मोडलं?

‘‘आलेच आहे तर मंडईपर्यंत सोडा,’’ काकू सीटवरून उतरत म्हणाल्या.

बाबांनी त्यांच्यासाठी पुढचं दार उघडलं. त्या मागे जाऊन बसल्या. पुढे मी बसले. सिग्नलला गाडी बंद पडली नाही, कुठे खडखडली नाही. बाबा चाक अगदी बोटांच्या टोकांनी धरून चालवत होते, ओल्या रंगाला हात लागू नये तसं. मागून काकू एकदाच बोलल्या, ‘‘डावीकडून घ्या, उजवीकडे भाजीवाले बसतात.’’


मंडईशी त्या उतरल्या, पिशवी सावरली आणि मागे न बघता आत गेल्या.