यशोदाबाईंचं काढून टाकलेलं पान

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आजही नाही! पण आमच्याकडच्या काही शहाण्यांनी माझ्यावरच आळ घेतलाय, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते.

बल्लारपूरला स्टेशन रोडवर माझं वेबसाइट बनवायचं दुकान आहे. सिंदेवाहीकडच्या एका गावातल्या मासेमारांच्या कंपनीची साइट मीच सांभाळते. तिथल्या यशोदाबाई रोज सकाळी फोन करायच्या, आणि मी साइटवरच्या त्यांच्या नावाच्या पानावर शब्दन् शब्द तसाच टाकायची... "आज झिंगे नाई. मरळ हाये." आधी नाही ते सांगायचं, ही तलावावरच्या बायकांची पद्धत — गिऱ्हाईकाला फुकटचा हेलपाटा नको. पान रोज बदलायचं, म्हणून सर्च इंजिनही रोज येऊन वाचून जायचं. शोधलं की आम्हीच पहिले!

उन्हाळ्यात बाई तापाने गेल्या. त्यांचा नवरा, दादाजीभाऊ, म्हणाले, "ते पान काढा बाई, मले पाहावत नाई." मी काढलं. साइटमॅपमधूनही काढलं, म्हणजे आपल्याकडे कोणती पानं आहेत हे सर्च इंजिनला जिथे सांगतो, तिथूनही.

तरी सर्चमध्ये तेच पान पहिलं... आणि खाली रोज नवी ओळ! "आज रोहू नाई. कतला हाये." दाबलं की 'पान सापडत नाही'. जुनी कॉपी असेल म्हणे. अहो, जुन्या कॉपीत आजचा मासा येतो का?

एका सकाळी दादाजीभाऊ तलावावरून थेट दुकानात. "माह्या मेलेल्या बायकोच्या नावानं धंदा करून राह्यल्या? लाज नाई वाटत?"

अस्सा संताप आला मला! कॉम्प्युटरच त्यांच्याकडे फिरवला. "दाखवा, कुठी आहे पान? अन् तुमच्या जाळ्यात काय लागलं, ते मले इथी बसून स्वप्न पडते काय?" त्यांच्यासमोरच सर्च केलं.

"आज मरळ नाई. झिंगे हाये. हे उपाशीच निघाले."

भाऊ खाली बसले.

"झिंगेच लागले आज," म्हणाले. "अन् चहाबी नाई घेतला मी... ती गेल्यापासून सकाळचं काही जातच नाई." मी समोरून पोहे मागवले. दोघंही रडत होतो, उगाच कशाला लपवू?

सर्च इंजिनवाल्यांना कळवून थकले. उत्तर एकच — असं पान आमच्याकडे नाही. मलाही काही उलगडा झालेला नाही. पण ते मीच बनवलं म्हणणाऱ्यांनो, एवढं तरी सांगा... भाऊ उपाशी आहेत, हे मला कोणी सांगितलं?