गुळाच्या ढेपा आणि नऊ गोल

लखनऊच्या चारबाग स्टेशनवर उतरलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते. धुक्यात स्टेशनचे घुमट अर्धेच दिसत होते. कोल्हापूरहून आमच्या तालमीच्या मुलींचा फुटबॉल संघ घेऊन मी निघालो होतो. सोळा मुली, त्यांच्या पिशव्या आणि एक जड पोतं.

स्टेशनबाहेर एक गाडीवाला मक्खन-मलाई (हिवाळ्यातच मिळणारा दुधाचा गोड फेस) विकत होता. जिभेवर ठेवेपर्यंत ती विरघळायची. मुली खूश झाल्या.

"जल्दी खाइए भाईसाहब," तो म्हणाला. "ओस की चीज़ है, धूप निकली तो बैठ जाएगी."

ओस म्हणजे दव. माझ्या हातातला चमचा थांबला.

आमच्या राहण्याची सोय करणारे वाघमारे मूळचे गडहिंग्लजचे, इथे सरकारी नोकरीत. त्यांनी आठ दिवस आधी फोनवर दोन गोष्टी सांगितल्या होत्या. "मैदान गवताचं आहे, सकाळी दवानं ओलं असतं. स्टडचे बूट आणा. आणि जमलं तर थोडा गूळ आणा हो, इकडं आपल्यासारखा मिळत नाही."

आम्ही मुरमाच्या मैदानावर सपाट बुटांनी खेळतो. तळाला खुंट्या असलेले स्टडचे बूट तालमीच्या माळ्यावर पोत्यात पडून असतात. गाड्या बदलताना एकच पोतं नेता येणार होतं. सोळा मुलींना जेवू घालणाऱ्या माणसाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? मी गुळाच्या ढेपा आणि कांदा-लसूण चटणी भरली. मुलींना फोनबद्दल काहीच सांगितलं नाही.

सामना नऊ वाजता, छावणीजवळच्या मैदानावर होता. दुकानं अजून बंद होती. गवत इतकं हिरवं की एक मुलगी म्हणाली, "यावर चालायचं का झोपायचं?" पहिल्या दहा मिनिटांत तिघी आडव्या झाल्या. वळायला गेली की बचावातली मुलगी घसरायची आणि समोरची पोरगी एकटीच आमच्या गोलकीपरवर, सायलीवर, चालून यायची. मध्यंतराला आमच्यावर पाच गोल झाले होते.

"सर, माझंच कायतरी चुकतंय," सायली म्हणाली.

तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "लक्ष देऊन खेळ."

सामना नऊ-शून्य संपला.

संध्याकाळी विकासनगरला वाघमाऱ्यांकडे पिठलं-भाकरी होती. त्यांची कॉलेजातली मुलगी मराठी समजते, बोलते हिंदीत. "नौ गोल? अरे यार, कीपर सो रही थी क्या?"

"गप गं," वाघमारेवहिनी ओरडल्या. सायलीने ताटातली भाकरी नुसती मोडली. वाघमाऱ्यांनी दारात काढलेल्या सपाट बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गुळाचं मात्र घरभर कौतुक झालं. मी मान खाली घालून जेवलो.

परतीच्या गाडीत कानपूर गेल्यावर सायली ग्लोव्हज घेऊन माझ्या बाकापाशी आली.

"हे दुसऱ्या कुणाला तरी द्या, सर. मी थांबतो आता."

मग मात्र राहवलं नाही. फोन, पोतं, गूळ, सगळं सांगितलं.

"मध्यंतराला ठाऊक होतं तुम्हाला?"

"होतं."

"आन तरी म्हणालात लक्ष दे?"

"हो."

"मला एकटीला सांगून काय उपयोग? सगळ्या पोरी माझ्याकडं बघाय लागल्यात."

मी उठलो. डब्यात तीन ठिकाणी मुली बसल्या होत्या. तिन्ही ठिकाणी उभं राहून तेच सांगितलं. कुणी हसलं, कुणी चिडलं. कर्णधार म्हणाली, "गुळासाठी व्हय सर?"

कोल्हापूर स्टेशनवर पालक उभे होते. लखनऊ मी पाहिलं असं म्हणवत नाही. तिथली माणसं भली होती, एवढं सांगू शकतो. सायलीचे वडील पुढे आले. "नऊ म्हणं? काय झालं हो पोरीला?"

"पोरीला काही झालं नाही," मी म्हणालो. "माझं चुकलं." आणि पाचव्यांदा सांगायला सुरुवात केली. सायली शेजारीच उभी होती. ग्लोव्हज तिच्या काखेत होते. ते तिने मला परत दिले नाहीत.