वरणातली कैरी

चंदाबाईच्या हाताला चव आहे, हे चामोर्शीजवळच्या मुलींच्या वसतिगृहात कुणीही सांगेल, आणि कुणी नाही सांगितलं तर ती स्वतः सांगेल. ढिवराच्या घरातली बाई. अर्धं आयुष्य तळ्यातल्या मासोळ्या विकण्यात गेलं, मग नवरा वारला आणि ती इथल्या चुलीपाशी आली. मूलबाळ नव्हतं. पोर उपाशी उठलं की ते तिच्या जिवाला लागायचं.

सोमारी नेहमीच अर्धपोटी उठायची. जंगलातल्या माडिया गावातून आलेली ही मुलगी. आईबाप नाहीत, सुकलू नावाचा आजा तेवढा आहे. बाकीच्या मुली तिच्या काळ्या रंगाला आणि मोडक्या मराठीला हसायच्या, म्हणून ती चुलीमागे येऊन बसू लागली. चंदाबाईला तर देवच पावला. तिने पोरीला तेल लावलं, वेण्या घातल्या. गोंडीत बोलली की दटावलं, "आपल्यासारखं बोलत जाय." सोमारी एक दिवस तिला आई म्हणाली, तेव्हा बाई आठवडी बाजारात भेटेल त्याला सांगत सुटली.

कैऱ्या आल्या तशा चंदाबाईने त्या वरणात टाकल्या. सोमारीने ताट बाजूला सारलं.

"काऊन वं? का झालं?"

"पंडुम नाई झाला," सोमारी म्हणाली.

पंडुम म्हणजे त्यांच्या गावची पूजा. नवा आंबा आधी देवाला, मग माणसाला. तोवर गावात कुणी कैरीला तोंड लावत नाही, लावलं तर सगळ्या गावावर संकट येतं. चंदाबाईला हे ठाऊक होतं, सोमारीनेच सांगितलं होतं. पण बाईला आपल्या हाताचा भारी तोरा.

"तुमचा देव इथी कुठी येते पाहाले?" ती हसली आणि घास कालवून पुढे धरला. "आई म्हणतेस नं मले? मंग खाय."

सोमारीने डोळे मिटून तो घास गिळला.

सुट्टी लागली आणि सुकलू नातीला न्यायला आला, तर सोमारी कोठीत तांदळाच्या पोत्यांमागे दडून बसलेली. "नाई जात," एवढंच म्हणे. खरं सांगायचं तर चंदाबाईला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पोरीला आजापेक्षा आपण हव्या! तिने लाडाने विचारलं, "काऊन नाई जात वं?"

"म्या आंबा खाल्ला," सोमारी पुटपुटली. "मी घरी गेली तं आजा मरल."

चंदाबाईला तो घास आठवला. आई म्हणवून घेतलं आणि त्याच शब्दाने पोरीचं घर तोडलं. आपण गप्प बसलो तर सोमारी इथेच राहील, आपलीच होईल. हा विचारही तिच्या मनात आला, आणि त्याची तिला जास्त लाज वाटली.

ती बाहेर आली. सुकलूपुढे हात जोडले. "भाऊ, पोरीची चूक नाई. म्या जबरदस्तीनं कैरी चारली. मले सारं ठावूक होतं."

गावात पंडुम अजून व्हायचाच होता. चुलीवरच्या गंजात त्या दिवशीही कैरीचंच वरण होतं. ज्या म्हाताऱ्याने उभ्या जन्मात पंडुमाआधी आंबा चाखला नव्हता, त्याने पळीने एक फोड काढली, कोठीच्या दारात गेला आणि सोमारीच्या डोळ्यांदेखत चावून खाल्ली.

"आता आपुन दोघं झालो," तो म्हणाला. "गावात दोघं मिळून सांगू. चाल."

सोमारी रडत बाहेर आली आणि तिने त्याचं बोट धरलं.

"भाऊ," चंदाबाई मागून म्हणाली, "म्याबी तं खाल्ली. मले का करा लागते?"

सुकलू वळला. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"तुमच्यात चालते नं, बाई," तो म्हणाला, आणि दोघं निघाली.